उतरण्याचं कारण

"पिशवी खाली ठेवा आणि काट्यावर सरळ उभे राहा," मी नेहमीचं वाक्य म्हटलं.

"ठेवली की."

काटा ऐंशीच्या पुढे गेला होता आणि समोरचा माणूस तर चांगला शिडशिडीत! मी काट्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"खिशात काय आहे?"

तो कानापर्यंत लाल झाला. जाकिटाच्या खिशांतून एकेक करत त्याने अकरा दगड काढले आणि माझ्या काउंटरवर ओळीने मांडले.

"नमुने आहेत. सामानात टाकले असते तर वजन वाढलं असतं..."

"आणि खिशात टाकले की वजन विरघळतं वाटतं?"

"नाही, पण माणसाचंही वजन करतात हे मला काय ठाऊक? येताना मी खाणीच्या ट्रकने आलो. ट्रकवाल्याने नाही केलं."

मला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसताना त्याच्या डाव्या गालावर बारीकशी खळी पडली. ही नोंद कुठल्याही तक्त्यात करायची नसते. मी ती केली.

आमचं विमान बारा माणसांचं. माणूस, पिशवी, डबा, सगळं काट्यावर चढतं आणि वजन बघून कोण कुठे बसणार ते मी ठरवते. खाण सोडली तर या गावात दुसरं काही नाही. तीन आठवडे काम, एक आठवडा घरी, अशी माणसं येत-जात राहतात. त्यामुळे गावातल्या तमाम पुरुषांची वजनं मला तोंडपाठ आहेत. कुणाच्या मनात काय आहे ते मात्र काटा सांगत नाही, आणि माझं घोडं अडतं ते तिथेच.

तो जमिनीखालचे थर तपासायचा. खाणीवरचे लोक त्याला दगडोबा म्हणायचे. दर महिन्याला तो जायचा आणि यायचा, आणि दर वेळी काउंटरवर कोपर टेकून विचारायचा, "आज कुठे बसवताय?"

"शेपटीकडे."

"म्हणजे मी हलका झालो?"

"दीड किलो. खाणीवर जेवायला घालत नाहीत का?"

"घालतात हो. पण इतकं लक्ष ठेवून कोण विचारतं तिथे?"

मी मान खाली घालून पास लिहीत राहायचे, पण कान तापलेले असायचे. खिडकीबाहेर बाबा धावपट्टीवरून जनावरं हाकत असायचे. माझे बाबा या विमानतळाचे व्यवस्थापक, अग्निशमन दल आणि गुराखी, तिन्ही एकटेच.

असं वर्ष गेलं. मग एका महिन्यात तो आला तोच सांगत, की खाणीतलं त्याचं काम संपतंय. शहरात कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळाली आहे, महिनाअखेरच्या बुधवारी रुजू व्हायचं आहे.

"अभिनंदन," मी म्हटलं. एवढंच सुचलं. जाणाऱ्याला थांब म्हणायचं नाही, हा माझा जुना हट्ट. आणि थांब म्हणण्याइतकं आमच्यात बोलणं तरी कुठे झालं होतं?

आदल्या दिवशी, मंगळवारी, मी दार उघडायच्या आधीच तो बाहेर उभा होता. यादीत पहिला. सगळा वेळ काउंटरपाशी थांबून तो वाऱ्याबद्दल बोलला, उकाड्याबद्दल बोलला, धुळीबद्दल बोलला. मीही "हो ना, फारच" म्हणत राहिले. दोघंही मूर्ख!

दुपार चढली आणि अंग भाजून निघेल असं ऊन पडलं. कॅप्टन बाई तोंड पुसत आत आल्या.

"ही हवा फार तापली आहे. एवढं ओझं घेऊन विमान वर चढणार नाही. एक माणूस उतरव."

नियम सरळ आहे. यादीत शेवटचा तो उतरतो आणि शनिवारच्या विमानाने जातो. शेवटचा होता आमचा क्रेनवाला. त्याला पहाटे मुलगी झाली होती. सकाळपासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. मी यादी हातात घेऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून नावच फुटेना.

"मी उतरतो," मागून आवाज आला. दगडोबा!

"उद्या तुमचा नोकरीचा पहिला दिवस आहे," मी जवळजवळ ओरडलेच.

"आहे."

"मग? दया दाखवायला दुसरा दिवस नाही मिळाला?"

तो थांबावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि क्रेनवाल्यासाठी थांबलेला मला नको होता. आता हे त्याला कसं सांगायचं...

"अर्ज द्या," तो शांतपणे म्हणाला.

आपणहून उतरणाऱ्याला एक अर्ज भरावा लागतो. त्याच्या तीन प्रती निघतात. एक आमच्याकडे, एक कॅप्टनकडे, एक मुख्य कार्यालयात. त्याने तो काउंटरवर ठेवला आणि लिहायला लागला. 'उतरण्याचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एका दमात काहीतरी लिहून त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

*काउंटरवर बसणारी मुलगी. वर्षभर बोलायचं राहिलं आहे.*

माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला. सहीसाठी बाबा आले, त्यांनी चष्मा लावला आणि अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"ही प्रत मुख्य कार्यालयात जाते, माहीत आहे ना?"

"हो काका," दगडोबा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"कारण अपुरं आहे," बाबा म्हणाले. "मुलीचं म्हणणं कुठे लिहिलंय?"

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. क्रेनवाला, कॅप्टन बाई, सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्याच्या ओळीखाली लिहिलं — *हरकत नाही.*

"हरकत नाही?" बाबांनी भुवया वर केल्या. "हे काय घर भाड्याने देणं आहे? नीट सांग."

आणि मग माझा हट्ट, माझा ताठा, सगळं गळून पडलं.

"मला हा आवडतो, बाबा," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

बाबांनी सही केली आणि शिक्का असा मारला की काउंटर हादरला. क्रेनवाल्याने दगडोबाला कडकडून मिठी मारली आणि पिशवी घेऊन विमानाकडे धूम ठोकली.

विमान उडालं. दगडोबाने व्हरांड्यातून कचेरीत फोन लावला. तिकडून बरीच बोलणी बसली असावीत, कारण तो बराच वेळ नुसता "हो साहेब, चूक झाली साहेब" म्हणत होता. शेवटी सोमवारी रुजू व्हायचं ठरलं.

तो आत आला, काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. आता मात्र दोघांनाही हवेबद्दल काही बोलायचं नव्हतं.

"शनिवारचं तिकीट काढ," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच मला 'अहो-जाहो' न करता. "जायचं आणि यायचं."

"यायचं कधीचं लिहू?"

"तू सांग."

मी पंचांग बघितलं नाही, वेळापत्रक बघितलं नाही. लगेच पुढच्या शनिवारची तारीख टाकली.