सांगा, ठकीबाई

कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात ती ऐकण्याच्या चाचण्या घेत असे. काम तसं शांतपणाचं. जाड भिंतींची, आतून स्पंज लावलेली एक छोटी खोली आणि तिला काचेची खिडकी. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, दार घट्ट लावायचं आणि बाहेर यंत्रापुढे बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की पेशंटनं बोट वर करायचं. पुष्कळ जण काही ऐकू न येताही बोट वर करत, नापास व्हायची भीती वाटल्यासारखे. अशांना ती बरोबर पकडायची. घरी येऊन सांगायची, "माझ्यापुढे थापा चालत नाहीत."

नवरा त्यावर हसायचा. तो आठवडाभर लिफ्टची दुरुस्ती करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जादूगार व्हायचा. खांद्यावर काळा टॉवेल, डोक्यावर कागदाची टोपी. जादू मात्र यथातथाच. बाहीतला पत्ता सगळ्यांना दिसायचा, कानामागून काढायचं नाणं आधीच खणकन खाली पडायचं. तिचा भाऊ कोचावर बसून म्हणायचा, "भाऊजी, पुढच्या खेपेला आम्ही डोळे मिटूनच बसतो, म्हणजे तुम्हाला सोपं."

पण शेवटचा खेळ लागला की तोही सरसावून बसायचा.

तो खेळ मुलीचा होता. मुलीचं घरातलं नाव ठकी. भल्याभल्यांना गंडवते म्हणून मामानंच ठेवलेलं. ठकी स्वयंपाकघरात जायची, दार लावून घ्यायची. इकडे बैठकीत कुणीतरी एखादी वस्तू उलट्या वाडग्याखाली ठेवायचं. मग जादूगार टॉवेल झटकून म्हणायचा, "सांगा, ठकीबाई!" आणि दारापलीकडून बारीक, कंटाळलेला आवाज यायचा. "बटण." किंवा "लिंबाची बी." किंवा "मामाच्या घड्याळाचा पट्टा, तुटका."

ती कधी चुकली नाही.

मामानं नाना उपाय करून पाहिले. पहारा द्यायला तो स्वतः आत जाऊन बसला. एकदा भाऊजींच्या तोंडाला रुमाल बांधला. ठकीचे कान स्वतःच्या तळव्यांनी दाबून धरले. पोरगी तशीच उभी राहिली, क्षणभर मान कलती केली आणि म्हणाली, "आत्ता काहीच ठेवलेलं नाही." वाडगा उचलला, तर खरंच खाली काही नव्हतं.

आईला कोडं पडलं नव्हतं. तिला खात्री होती की नवऱ्याच्या पावलांत काहीतरी खूण आहे. किती वेळा तिनं लेकीला खोदून विचारलं. ठकी डोळे बारीक करून म्हणायची, "बाबांना विचार." बापलेकीचं गुपित आहे, आपण बाहेरच्या, असं वाटून तिला थोडं लागायचंही. पण ते लागणं गोड होतं. कधीतरी दोघं आपल्यालाही सांगतील, असं धरून ती चालली होती.

मग ठकीला ताप आला. साधा वाटला, तो डोक्यात गेला. दवाखान्यातल्या पांढऱ्या खोलीत ती झोपली ती झोपलीच.

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. दोघं कामावर जात, परत येत, जेवत. काळा टॉवेल कपाटात सगळ्यात खाली गेला. मामा अधूनमधून येऊन बसायचा. तोही चहाच्या कपाकडे बघत राहायचा. एकदा असाच बसलेला असताना, बोलायला काही नाही म्हणून असेल, त्यानं विचारलं, "भाऊजी, आता तरी सांगा. कसं करायचात तुम्ही दोघं?"

नवऱ्यानं कसनुसं हसून तिच्याकडे बोट दाखवलं. "मला काय विचारतोस? ताईला विचार."

भाऊ गेल्यावर कप विसळता विसळता तिनं म्हटलं, "माझ्यावर कशाला ढकललंस? सांगायचं नव्हतं तर नाही म्हणायचं."

"ढकललं कुठं? खरं तेच सांगितलं."

"म्हणजे?"

तो दारात उभा होता. "तू खुणा करायचीस ना तिला? कप वाजवून, नाहीतर कसं तरी. आवाजांचं तुलाच कळतं. मी आपला टॉवेल झटकायचो."

नळ वाहत होता. तो बंद करायचं भान तिला राहिलं नाही.

"मी कधी एक खूण केली नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू करतोस."

"मी एकदा विचारलं होतं तिला," तो हळू म्हणाला. "आईला विचार, म्हणाली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही नजर वळवली, आणि कितीतरी दिवस त्यावर कुणी अक्षर काढलं नाही.

पण त्या दिवसापासून नवरा बदलला. जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. हाक मारली तर दोन-तीनदा मारावी लागायची. स्वयंपाकघराच्या दाराशी तो उगाच उभा राहायचा, मान जराशी कलती करून. ठकीसारखी कललेली ती मान दिसली की ती मुद्दाम भांडी वाजवायची. कानात काही बिघाड असेल, तिनं मनाची समजूत घातली. मोठ्या यंत्रांच्या खडखडाटात काम करणाऱ्यांचं होतं असं. सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद असायचा, किल्ली तिच्याकडे असायची. "चल, तपासून टाकू," ती म्हणाली. तो मुकाट्यानं आला.

सकाळची उन्हं खिडकीच्या पट्ट्यांतून यंत्रावर पडली होती. त्याला आत बसवून, हेडफोन चढवून तिनं दार लावलं. उजवा कान. डावा कान. तो वेळच्या वेळी बोट वर करत होता. दोन्ही कान ठणठणीत होते. तिला हायसं वाटलं आणि वाटलंही नाही. यंत्रावरचा हात काढून ती खुर्चीत मागे टेकली.

आत त्यानं बोट वर केलं.

तिनं माइकचं बटण दाबलं. "संपलं. आता काही सोडत नाहीये मी."

"सूर नाही हा," आतून त्याचा आवाज आला. त्याचे डोळे मिटलेले होते. "ठकी आहे."

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते तिला पेशंटांमुळे ठाऊक होतं. शांतपणे बोलायचं, वाद घालायचा नाही, हेडफोन काढायला लावायचे. तिनं तसं काही केलं नाही.

"काय म्हणते?"

"विचारा, म्हणते."

तिनं टेबलाचा खण ओढला आणि न बघता हाताला लागली ती वस्तू मुठीत धरली. मूठ टेबलाखाली मांडीवर ठेवली. काचेतून तिथलं काही दिसणं शक्य नव्हतं. तिला वाडगा नको होता, टॉवेल नको होता. माइकमध्ये तिला एक शब्दही बोलवेना.

आत तोच पुटपुटला, "सांगा, ठकीबाई."

त्यानं मान जराशी कलती केली.

"खोडरबर," तो म्हणाला. "एका बाजूनं चावलेलं."

तिनं मूठ उघडली. खोडरबर कुणी चावलं होतं देव जाणे. त्यावर दातांचे जुने वण होते.

तिनं पुन्हा खणात हात घातला आणि काहीही न उचलता रिकामीच मूठ मिटून घेतली.

या वेळी तो हसला. ठकी गेल्यापासून पहिल्यांदा. "काही नाहीये, म्हणते. आई फसवतेय."

तिनं तोंडावर हात दाबला. रडू इतक्या जोरात आलं की यंत्राचा काटा हलेल असं वाटलं. कितीतरी प्रश्न घशाशी आले. कुठं आहेस, अंधार आहे का, कुणी जेवायला घालतं का. त्यातला एकच बाहेर पडला.

"दुखतंय का, विचार तिला."

त्यानं विचारलं. ऐकलं. "नाही, म्हणते. ताप पण नाही."

तिथंच थांबायला हवं होतं. पण थापा पकडायची सवय हाडीमाशी खिळलेली. बंद दारामागे उभ्या असलेल्या त्या इवल्याशा पोरीला खुणा तिनं दिल्या नव्हत्या, नवऱ्यानंही नव्हत्या.

"विचार," ती म्हणाली. "तिला सांगायचं कोण?"

"कोण गं सांगायचं तुला?" तो आत म्हणाला. अगदी लाडानं.

माइकचं बटण तिनं सोडून दिलं होतं. यंत्रातून मघापासून एकही सूर सुटलेला नव्हता.

काचेपलीकडे नवरा मान कलती करून, आता डोळे उघडून तिच्याकडे बघत, ऐकत होता. चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू तसंच राहिलं आणि त्याच्याखालचा चेहरा मात्र हळूहळू पांढरा पडत गेला. त्यानं नजर खाली केली. हेडफोन काढून मांडीवर ठेवले, जपून, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसे.

ती दार उघडून आत गेली. आत इतकी शांतता होती की स्वतःचं रक्त ऐकू यावं.

"काय म्हणाली?"

"गेली ती."

"पण काय म्हणाली?"

"माझ्याशी नाही बोलली," तो म्हणाला. "तिथं कुणाला तरी विचारलं तिनं. 'सांगू का?' असं."

"मग?"

"कुणीतरी नको म्हणालं."

"कोण?"

त्यानं तिच्याकडे बोट केलं. "तूच," तो म्हणाला. "आवाज तुझा होता."

"मी नाही बोलले. बटणच दाबलेलं नव्हतं."

"माहीत आहे मला. मी बघत होतो तुझ्याकडे. तुझे ओठ मिटलेले होते."

ती त्याच्यासमोर खाली फरशीवर बसली. भीतीच्याही आधी दुसरंच काहीतरी छातीत उसळून आलं, आणि जे विचारायला नको होतं तेच तिनं विचारलं.

"आणि ऐकलं तिनं?"

"लगेच," तो म्हणाला. "'बरं, आई,' म्हणाली."