लाटण्याचे तीन ठोके

हे खोटं वाटलं तर वाटू दे. नीलमच्या डोक्यातले अकरा टाके खोटे नाहीत.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार, दुपारचे सव्वातीन. मुलुंड पूर्वेतली आमची जुनी इमारत, दुसरा मजला.

पण आधी एकोणीसशे त्र्याऐंशीचं सांगायला हवं.

तेव्हा शेजारी कुंदा राहायची. तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच भिंत. त्या भिंतीवर लाटण्याचा एक ठोका, म्हणजे चहाला ये. तीन ठोके, म्हणजे बाई, रेडिओ बारीक कर.

कुंदाला रेडिओवरच्या नाटकांचं वेड, मला कादंबऱ्यांचं.

"वहिनी, किती डोळे फोडता! कान लावून बसा, सगळं आयतं मिळतं," ती चिडवायची.

"तुझ्या नाटकात नुसती आरडाओरड. माझ्या पुस्तकात खूनसुद्धा गुपचूप होतो," मी म्हणायची.

त्या वर्षी एका दुपारी मी वाचनालयातून आणलेली एक रहस्यकादंबरी वाचत होते. खाकी कव्हर, पिवळी पानं. ऐन खुनाच्या प्रकरणात होते, आणि पलीकडून... किंचाळी आली.

मग धप्प. पुन्हा किंचाळी.

"वहिनी... अहो वहिनी..."

मला वाटलं, लागलं हिचं नाटक.

मी लाटणं घेतलं आणि भिंतीवर तीन ठोके दिले.

पलीकडे एकदम शांत झालं.

ऐकलं हो बाईने, असं मनाशी म्हणून मी पान उलटलं.

पाच वाजता दार उघडलं, तर कुंदाच्या उंबरठ्याखालून आलेलं रक्त माझ्या रांगोळीत मिसळलं होतं. मी तिचं दार ढकललं. नवऱ्याने वरवंट्याने तिचं डोकं ठेचलं होतं. अर्धा चेहरा उरलाच नव्हता. उरलेला एक डोळा उघडा होता. आमच्या भिंतीकडे.

पोलिसांनी तिचा रेडिओ उघडून पाहिला.

त्यात सेलच नव्हते.

ती कादंबरी मी तशीच परत केली. शेवट वाचला नाही.

आता माझ्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आहे. अक्षरं दिसत नाहीत. नात गंधाली म्हणाली, "आजी, वाचू नकोस, ऐक. मोबाइलवर ऑडिओबुक लावून देते."

"ऐकणं म्हणजे वाचणं का गं? पुस्तकात नको ते पान झटकन उलटता येतं."

"इथे दाब, इथेही पुढे जातं. नखरे नकोत हं! बोल, कुठलं लावू?"

माझ्या तोंडून त्याच कादंबरीचं नाव गेलं. मरण्याआधी शेवट तरी कळावा.

गंधाली कॉलेजला गेली. मी कानात इअरफोन घालून गवार मोडत बसले. वाचणाऱ्या बाईचा आवाज गोड, संथ. खुनाचं प्रकरण आलं. पुढे ढकलायला बोट उचललं, पण बटण काही दिसेना.

आणि... किंचाळी.

धप्प.

"वहिनी... अहो वहिनी..."

मी इअरफोन काढले.

आवाज थांबला नाही. तो भिंतीतून येत होता.

सवयीने हात लाटण्याकडे गेला. भिंतीपर्यंत नेलाही. तीन ठोके...

मी ठोके दिले नाहीत. लाटणं घेऊन तशीच धावले.

कुंदाच्या घरात आता नीलम आणि प्रीतम भाड्याने राहतात. गॅसवाला येतो म्हणून जादा चावी माझ्याकडे असते. दार उघडलं. नीलम ओट्याखाली पडली होती, केस रक्ताने थबथबलेले. प्रीतमच्या हातात कुकर, पुन्हा उगारलेला.

"म्हातारे, नीघ इथून!"

मी लाटणं त्याच्या मनगटावर घातलं. हाड कडकन मोडलं. कुकर खाली पडला. तो विव्हळत वाकला, तसं मी पुन्हा घातलं. आणि पुन्हा. वरच्या मजल्यावरच्या देवव्रतने येऊन मला धरलं, म्हणून थांबले. ते सगळे फटके प्रीतमसाठी नव्हते, एवढंच सांगते.

इस्पितळात मी नीलमचा हात धरला. "बरं झालं पोरी, ओरडलीस."



"आजी, मी कुठे ओरडले? त्याने आधीच तोंडात ओढणी कोंबली होती."

खरंच. ती मीच काढली होती.

आणि नीलम मला आजी म्हणते. वहिनी म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही.

गंधालीने ते प्रकरण दोनदा ऐकलं. त्यात किंचाळी नाही. बाई फक्त संथपणे वाचते.

प्रीतम कोठडीत आहे. नीलम माहेरी गेली. शेजारच्या घराला कुलूप आहे, चावी माझ्या डब्यात.

कादंबरी पुन्हा अर्धीच राहिली.

काल दुपारी मी चहाचं आधण ठेवलं होतं. घरात काहीच वाजत नव्हतं.

आणि त्या भिंतीवर, पलीकडून...

एक ठोका.

एकच.

लाटणं माझ्या हातात होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.