एकशे अठरा नंबरची वाळू

मी त्याच्यावर पडले, तेव्हा तो टेबलाखाली सुया वेचत होता.

वाचनालयाच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन लागायचं होतं आणि माझी मांडणी जवळजवळ झाली होती. ट्रेमध्ये शेवटच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. टेबलावरची रांग लांबून सरळ दिसते का ते बघायला मी ट्रे हातात धरून मागे मागे चालत गेले... आणि शेजारच्या टेबलाखालून दोन लांब पाय बाहेर आलेले होते.

"अहो!" एवढंच मला म्हणता आलं. मग काच फुटल्याचा आवाज. एकदा. लगेच दुसऱ्यांदा.

"लागलं का?" टेबलाखालून कोणीतरी विचारलं.

"मला नाही. वाळूला लागलं."

तो बाहेर आला. केसांत धूळ, हातात गोल लोहचुंबक आणि त्याला चिकटलेल्या सात-आठ मोडक्या सुया. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. पांढरी वाळू आणि काळी वाळू एकमेकींत शिरून बसल्या होत्या. त्याने भिंतीवरचा आपला तक्ता काढला, उलटा करून खाली अंथरला आणि पोस्टकार्डाच्या कडेने वाळू त्यावर लोटायला लागला. फरशीच्या फटीतलीसुद्धा.

"कुठली होती?" त्याने विचारलं.

"पांढरी एकशे अठरा. काळी दोनशे चार."

"मी नंबर नाही विचारला."

उत्तर लांबलचक होतं.

बाबांना वाळू जमवायचा नाद. टपालखात्यात नोकरी केली, पण तिकिटं कधी जमवली नाहीत. ओळखीपाळखीचा कोणी कुठे निघाला, की त्याच्या हातात एक रिकामं पाकीट द्यायचे. "येताना मूठभर वाळू. बाकी काही नको." अशा तीनशे अठरा बाटल्या झाल्या. अंगठ्याएवढ्या. प्रत्येकीवर चिठ्ठी – नंबर, तारीख, ठिकाण, गोळा करणार. गोळा करणाऱ्याचं नाव बाबा आडनावासकट लिहायचे. फक्त एकशे अठरावर लिहिलं होतं – 'गोळा करणार: ही.'

ही म्हणजे आई. आम्ही तिघं एकदाच समुद्रावर गेलो होतो, तेव्हा तिने रुमालात बांधून आणलेली. आई गेली त्याला सहा वर्षं झाली.

"एकशे अठरा नको नेऊस," बाबा म्हणाले होते. मी नेली. एकशे सतरानंतर एकदम एकशे एकोणीस आली, तर रांग चुकीची दिसेल म्हणून. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. आकडा गाळलेला मला बघवत नाही.

हे सगळं मी त्याला जमिनीवर बसूनच सांगितलं. वाळूची पुडी बांधता बांधता त्याने मान वर केली.

"रविवारी येऊ का?"

"कशाला?"

"निवडायला. पाय माझे होते."

त्याचा तक्ता मी नंतर सुलटा करून वाचला. 'मशिनच्या पोटातून' असं त्याच्या संग्रहाचं नाव होतं. तो शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, आणि मशीन उघडल्यावर आत जे जे सापडेल ते जपून ठेवायचा. बटणं, मणी, कानातल्याची फिरकी, अर्धं तिकीट, लहान मुलाचा दुधाचा दात. प्रत्येकाखाली कोणाचं मशीन, कधी उघडलं, ते लिहिलेलं.

"दात मशिनमध्ये कसा गेला?"

"आईच्या मांडीवर बसून शिवण बघत होता. तोंड उघडं ठेवून."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दाताच्या मालकाने. आता तिशीचा आहे. परत देऊ का म्हटलं, तर म्हणाला, तुमच्याकडेच राहू दे, माझ्याकडे हरवेल."

मला हसू आलं. तासाभरापूर्वी आईची वाळू सांडलेल्या मुलीला हसू आलं – याची नोंद मी मनात करून ठेवली.

घरी बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुडी उघडली, बोटाने वाळू जराशी हलवली. "सगळी आहे ना? मग झालं," म्हणाले. पण प्रदर्शन आटोपून बाटल्या परत आल्यावर कपाटात एकशे सतरा आणि एकशे एकोणीस यांच्यामध्ये त्यांनी अंगठ्याएवढी जागा तशीच ठेवली.

रविवारी चारच्या ठोक्याला तो आला. मी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला होता, दोन स्टुलं, दोन चिमटे, स्टँडवरची दोन भिंगं आणि मधोमध मिसळलेली वाळू. तो दारात क्षणभर थांबला. हात शर्टाच्या खिशाकडे गेला, मग खाली आला.

"बसा," मी म्हणाले. "काळे कण उचलायचे, या बशीत टाकायचे. मी अंदाज काढलाय. काळे कण चोवीस हजार. दोघांनी मिळून तासाला बाराशे. रविवारी दोन तास. म्हणजे दहा रविवार."

"चहाचा वेळ धरलाय का?"

"नाही."

"मग बारा धरा."

आमचे रविवार असे सुरू झाले. भिंगाखाली आईची वाळू म्हणजे शिंपल्यांचा चुरा होता. गुलाबी, दुधी, एखादा कण पिळाच्या स्क्रूसारखा. काळी वाळू मात्र एकसारखी, चकचकीत. तो एकेक कण असा उचलायचा, जणू कोणाच्या डोळ्यातलं कुसळ काढतोय. मध्येच म्हणायचा, "हा बघा... हा तर बोलतोय." मी बघायला वाकायचे, तोही वाकलेलाच असायचा. त्याच्या शर्टाला मशिनच्या तेलाचा वास यायचा. मला हा माणूस आवडायला लागलाय हे तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं.

"आई विचारते, दर रविवारी कुठे जातोस," तो एकदा म्हणाला. "सांगितलं, वाळू निवडायला. तर म्हणते, मेल्या, घरात डाळ निवडायला सांगितली की तुझी पाठ दुखते!"

आतल्या खोलीतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता तो. हसू होतं.

चौथ्या रविवारी पाऊस पडत होता. खिडकीच्या काचेवर थेंब खाली ओघळत होते आणि खोलीत त्यांचाच काय तो आवाज.

"तुझा चहा गार होतोय," तो म्हणाला.

आम्ही दोघंही थांबलो. चिमटे हवेतच.

"तुमचा..." त्याने घाईघाईने दुरुस्ती केली.

"राहू दे," मी म्हणाले. "जे मोडलेलं नाही ते दुरुस्त कशाला करतोस?"

त्या दिवशी आमचा वेग तासाला चारशेवर आला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. दोनशे चार नंबरची काळी वाळू लोखंडाच्या खनिजाची होती. शिंपल्यांना चुंबक ओढत नाही, तिला ओढतं. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवलं, तर सगळं काम पाच मिनिटांचं. हे मला वाचनालयाच्या फरशीवरच माहीत होतं. चुंबक माझ्या टेबलाच्या खणात होतं – शाळेपासूनचं. पहिल्या रविवारी ते मी बाहेर काढलंही होतं. पण मग मनात आलं, पाच मिनिटांसाठी तो येणार, आणि पाच मिनिटांनी जाणार... मी खण बंद केला आणि चिमटे घेतले.

एक रविवार, एवढंच ठरवलं होतं. पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी म्हटलं, त्याच्या पुढच्या.

सातव्या रविवारी तो गेल्यावर मी कपबश्या उचलत होते. बाबा कपाटापाशी उभे होते. बाटल्या एकेक उचलून फडक्याने फळी पुसत होते. त्या रिकाम्या जागेशी आले, तेव्हा तिथेही तेवढ्याच निगुतीने फडकं फिरवलं आणि बाटली परत ठेवावी तसा हात क्षणभर तिथे ठेवला.

"पुढच्या रविवारी पस्तीस वर्षं झाली असती आमच्या लग्नाला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "घाई नाही गं. वाळूच ती. कुठे जातेय?"

मला भांडी घासताना काही दिसेना. माझे रविवार मी बाबांच्या फळीवरून उचलून आणत होते. त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. चुंबक काढायचं, हे नक्की झालं. त्यानंतर त्याला यायला कारण उरणार नाही – हेही तितकंच नक्की होतं. एकदा वाटलं, तो यायच्या आधीच उरकून टाकावं. पण मग मी कशी आहे हे त्याला कधीच कळलं नसतं.

आठव्या रविवारी तो स्टुलावर बसायच्या आत मी चुंबक टेबलावर ठेवलं. लाकडावर टक्कन आवाज झाला.

"हे काय?"

"काळी वाळू याला चिकटते. सगळी. पाच मिनिटांत." माझा आवाज प्रयोगशाळेतल्या अहवालासारखा निघाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझे सात रविवार मी फुकट घालवले. बाबांनाही ताटकळत ठेवलं. सॉरी."

तो चुंबकाकडे बघत राहिला. मग शर्टाच्या खिशात हात घालून त्याने काहीतरी काढलं आणि माझ्या चुंबकाशेजारी ठेवलं. बटर पेपरची एक छोटी पुडी. घड्यांवर कागद झिजून पांढरा पडला होता. त्याने ती उलगडली.

गोल लोहचुंबक.

"मशीनवाला आहे मी," तो म्हणाला. "आयुष्य गेलं याने सुया उचलण्यात. त्या दिवशी तुझी वाळू गोळा करताना काळे कण उड्या मारून सुयांवर बसत होते, तेव्हाच कळलं होतं. पहिल्या रविवारी कागदात गुंडाळूनच आणलं. कण सुटे करता यावेत म्हणून."

"मग काढलं का नाहीस?"

"काढणार होतो! दारात आलो तर तू दोन स्टुलं मांडलेली. दोन चिमटे. चोवीस हजार, बाराशे, दहा रविवार... म्हटलं, प्रयोगशाळेतली मुलगी आहे, तिला चुंबक माहीत नसेल असं कसं होईल? काहीतरी कारण असणार."

"आणि... कळलं कारण?"

"तुझं नाही कळलं." तो भिंगाच्या स्टँडशी उगाच चाळा करत राहिला. "माझं कळलं. दुसऱ्या रविवारी."

मी इतकी हसले, की डोळे भरून आले. की आधी डोळे भरले आणि मग हसले – हा क्रम मला आजही नक्की सांगता येत नाही.

"तूच फिरव," तो म्हणाला आणि आपलं चुंबक माझ्या तळहातावर ठेवलं. खिशातल्या उबेने कोमट झालेलं.

मी ते कागदात धरून वाळूवरून नेलं. काळे कण उठून उभे राहिले, कागदाच्या पोटाशी दाट मिशीसारखे जमले. बशीवर नेऊन चुंबक कागदातून वर उचललं, की सगळे खाली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कागदावर उरली फक्त आईची वाळू, तिने रुमालातून काढली होती तशी.

"बाबा!" मी हाक मारली. बाबा आले. मी सगळं सांगितलं, खणासकट, आणि तो माझ्याशेजारी उभा राहून "माझंही चुकलंच, काका," म्हणाला.

बाबांनी पांढरी वाळू बोटांच्या चिमटीत घेतली, सोडली.

"मला वाटलं, हल्लीच्या पोरांना चुंबक ठाऊकच नसतं."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"तीनशे अठरा बाटल्या काय नुसत्या पुसल्या का मी? आणि तुझ्या खणातलं ते चुंबक आणलं कोणी?"

"मग बोलला का नाहीत, बाबा? तुम्ही रोज ती जागा..."

"बघत होतो. खोटं कशाला बोलू?" ते खुर्चीवर टेकले. "पण सहा वर्षं या घरात रविवारी नळाचा तेवढा आवाज यायचा. मग कोणीतरी हसायला लागलं. तिच्या वाळूवरून हसायला लागलं. म्हटलं, चालू दे जितके दिवस चालतंय तितके. आणि ती असती ना, तर तुझ्याआधी तिनेच बाटली फोडली असती."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. फुटलेल्या काचेचे, वाटेत आलेल्या पायांचे, गाळलेला आकडा न बघवणाऱ्या माझ्या स्वभावाचे – सगळ्यांचे आभार एकदम मानायचे होते, आणि तोंडातून फक्त "बाबा" एवढंच आलं.

एकशे अठराला नवी बाटली मिळाली. चिठ्ठी जुनीच, काचेवरून जपून सोडवलेली. मग कागदाच्या कोपऱ्यात चिमूटभर काहीतरी उरलेलं दिसलं. शिंपल्याचे तुकडे, पण पोटात काळा कण अडकून बसलेला. चुंबकाबरोबर दोन्ही उचलले जात होते आणि चिमट्याने सुटत नव्हते.

"हे कशात घालायचं?" त्याने विचारलं.

बाबा उठले. रिकामी बाटली आणली, ती चिमूट आत सोडली आणि बारीक अक्षरात लिहायला बसले. नंबर – तीनशे एकोणीस. तारीख – त्यांच्या लग्नाची. ठिकाण – जेवणाचं टेबल. 'गोळा करणार' एवढं लिहून ते थांबले, पेन माझ्याकडे सरकवलं आणि चहा टाकायला निघून गेले. बाबांनी चहा टाकलेला मी त्याआधी बघितला नव्हता.

पेन मी हातात घेतलं. तो शेजारी. श्वास रोखून, कण उचलताना रोखायचा तसा.

मी लिहिलं – 'हे'.

त्याने वाचलं. कान लाल झाले. मग माझ्या हातातून पेन घेतलं, स्वल्पविराम दिला आणि मशीनवाल्याच्या जाड, तेलकट अक्षरात पुढे लिहिलं – 'आणि ही'.