पहिलं पान वेगळं दाखवा

चौकशी समितीचा मसुदा आला तेव्हा धाकटी छापखान्यात एका भूगोलाच्या पुस्तकाची पानं लावत होती. चाळिशी उलटली तरी घरचे तिला धाकटीच म्हणत, आणि तिलाही त्याची इतकी सवय झाली होती की दुसऱ्या कुठल्या नावाला ती पटकन ओ देत नसे. मसुदा चौदा पानांचा होता. नवव्या पानावर आल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘बॉयलरचा दाब मर्यादेबाहेर जात असताना ऑपरेटरने शेऱ्यात “सर्व ठीक” असे लिहिले. दुर्घटनेस त्याचा हलगर्जीपणा कारणीभूत आहे.’

हा ऑपरेटर म्हणजे तिचा दादा. बाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा तपासणारा, आणि फाटकापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा परत येणारा. सात महिन्यांपूर्वी दुपारी उशिरा कागद कारखान्याच्या बॉयलरघरात वाफेची नळी फुटली आणि त्याच्यासकट तीन माणसं गेली. बाकीच्या दोघांच्या घरच्यांनी तेव्हापासून वहिनीशी बोलणं टाकलं होतं. त्यातल्या एकाच्या आईने भर बाजारात वहिनीला अडवून विचारलं, “तुझ्या नवऱ्याने आमचा मुलगा मारला. तुला जेवण जातं कसं?” वहिनी भाजीची पिशवी तिथेच सोडून घरी आली होती.

उद्या अकरा वाजता शेवटची सुनावणी होती. त्यानंतर मसुद्याचा अहवाल होणार आणि दादाच्या माथ्यावर फुटलेलं हे खापर कायमचं तिथेच राहणार.

मसुद्याबरोबर बॉयलरघराच्या नोंदवहीची फाइल होती. मूळ वही स्कॅन झाल्यावर कंपनीच्या ताब्यात असतानाच गहाळ झाली, असं साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, कळवलं होतं. वही गहाळ होते, साहेबांची खुर्ची मात्र कधी गहाळ होत नाही. धाकटीने दात ओठ खात फाइल उघडली.

दोन पानं शेजारी-शेजारी दिसत होती. डावीकडे शेरे, उजवीकडे दाबाचे आकडे. तिने दोन-चार जोड्या पुढेमागे केल्या आणि पाय उलट्या चपलेत गेल्यासारखं तिला वाटायला लागलं. वीस वर्षं ती पानं लावत होती. डावं पान उजवीकडे गेलं की तिला न मोजताही कळायचं.

वहीत एका दिवसाला समोरासमोरची दोन पानं होती. डाव्या पानावर तारीख आणि दर तासाचा दाब, उजव्या पानावर त्याच दिवसाचे शेरे आणि सही. उजव्या पानावर तारीख नसायची, कारण ती शेजारीच असायची. स्कॅन करणाऱ्याने मात्र मुखपृष्ठापासून सुरुवात केली होती. फाइलमध्ये मुखपृष्ठ हे पहिलं पान झालं, आणि पडद्यावर पहिल्या दिवसाचे आकडे त्याच्या शेजारी जाऊन बसले. तिथून पुढे सगळी वही एक पान सरकली. आदल्या दिवसाचे शेरे दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांशेजारी. समितीतल्या पाच शहाण्यांनी सात महिने ती तशीच वाचली होती, आणि शेवटचं, एकशेएकोणिसावं पान एकटं उरलं तेव्हा त्याच्याबद्दल मसुद्यात लिहिलं होतं, ‘तारीख नसल्याने विचारात घेतले नाही.’

तिने मेनू उघडला. पानांची मांडणी. त्यात ‘पहिलं पान वेगळं दाखवा’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे रिकामी चौकट. तिने चौकटीत खूण केली.

मुखपृष्ठ बाजूला झालं. बाकीची पानं एकेक घर सरकली. शेवटच्या दिवसाचे आकडे डावीकडे आले आणि ते एकटं पान त्यांच्या उजवीकडे येऊन बसलं.

‘३.३० : सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला आहे. दाब उतरत नाही. बॉयलर बंद करण्यासाठी साहेबांना फोन केला. पाळी संपेपर्यंत चालू ठेवा म्हणाले.’

खाली दादाची सही होती.

तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी संताप आला, आणि त्या संतापात तिने माउसचं चाक जोरात पुढे फिरवलं.

एकशेएकोणिसाव्या पानानंतर आणखी एक जोडी आली.

खाली पानांच्या आकड्यात दिसत होतं, ११९ पैकी १२०. तिने चष्मा पुसला. डाव्या पानावर दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. सकाळी सहापासून दर तासाला दाब १८, मर्यादेबाहेरचा. उजवीकडे दर तासापुढे एकच शेरा, ‘साहेबांना सांगितले.’ पुढच्या जोडीवर त्याच्या पुढचा दिवस. मग त्याच्या पुढचा. ती चाक फिरवत राहिली आणि पानं संपेनात.

चौकटीतली खूण काढली की फाइल मुकाट्याने एकशेएकोणीसवर थांबायची. खूण केली की पुन्हा सुरू. छापायला लावली तर कोरे कागद बाहेर आले. धाकटी डोक्याने सरळ बाई होती. कोणीतरी फाइलमध्ये ढवळाढवळ केली असणार असं तिने स्वतःला बजावलं आणि वहिनीला फोन लावला.

“वहिनी, दादा इंग्रजी आठचा आकडा कसा लिहायचा?”

“दोन वेगवेगळे गोळे काढून. एकावर एक ठेवल्यासारखे. का गं?”

“सहज विचारलं.”

“अशा गोष्टी सहज विचारत नाहीत,” वहिनी म्हणाली.

शेवटच्या पानावर आजचीच तारीख होती. नोंदी दुपारी दोनपर्यंत झाल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले आणि दोनच्या खाली तीनची ओळ दिसली. ती उमटताना दिसली नाही. आधी नव्हती आणि मग होती, एवढंच. शेवटचा आठ दोन गोळ्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ती कंपनीच्या कचेरीत हजर झाली. लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, अध्यक्षबाई मधे, साहेब त्यांच्या उजवीकडे. टेबलाच्या टोकाला साक्षीला बोलावलेले काका बसले होते. ते दादाच्या पुढच्या पाळीचे ऑपरेटर. त्या दिवशी सहा वाजता ते पाळी घ्यायला आले तेव्हा बॉयलरघराला छप्पर उरलं नव्हतं.

वाढीव पानांबद्दल बोलायचं नाही, असं धाकटीने ठरवून टाकलं होतं. बोललो तर वेड्यात काढतील आणि दादाची खरी नोंदही त्यात बुडेल. तिने फक्त खूण केली, पानं सरकताना सगळ्यांना दाखवली आणि साडेतीनचा शेरा मोठ्याने वाचला.

“बाई, तुमचं दुःख आम्हाला कळतं,” साहेब म्हणाले. “पण ही कॉम्प्युटरची करामत झाली. पानं काय, कुठेही जोडता येतात.”

“मी जोडली नाहीत. तुम्ही तोडली होती.”

अध्यक्षबाईंनी काकांकडे पाहिलं. “वहीत पानं अशीच होती?”

“अशीच. डावीकडे दाब, उजवीकडे शेरा. नोकरीला लागल्यापासून तसंच लिहितोय.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “असेल. पण मला असा फोन आलाच नव्हता. आपली चूक झाकायला माणूस वहीत काहीही लिहितो. आता तो सांगायला थोडाच येणार आहे?”

ते किंचित हसले. फार नाही, समोरच्याला धीर द्यावा इतपत.

त्या हसण्याने धाकटीचं ठरवलेलं सगळं पाण्यात गेलं. तिने चाक पुढे फिरवलं.

पडद्यावर एकशेविसावं पान आलं. मग पुढचं. मग त्यापुढचं. तिने हात थांबवला नाही. सात महिन्यांचे दिवस टेबलावरच्या सगळ्यांसमोरून सरकत गेले. अठरा, अठरा, अठरा. साहेबांना सांगितले. साहेबांना सांगितले.

“हे काय आहे?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

धाकटी चाक फिरवत राहिली. खोलीत उकडायला लागलं होतं. वातानुकूलन यंत्र चालू होतं, तरी पाण्याच्या ग्लासांवर आतून वाफ धरली होती.

शेवटचं पान आलं. आजची तारीख. अकरापर्यंतच्या नोंदी.

कोणीतरी घड्याळाकडे पाहिलं. बाराला एक मिनिट कमी होतं.

मग बारा वाजले.

‘१२.०० : दाब १८. साहेब समोर बसले आहेत. पुन्हा सांगितले.’

साहेबांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि घरंगळत खाली गेलं.

“फोन आला होता का?” अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या.

“आला होता.”

“काय म्हणाला तो?”

“व्हॉल्व्ह अडकलाय. बंद करू का, म्हणाला.”

“आणि तुम्ही?”

“पाळी संपेपर्यंत चालू ठेव म्हणालो.” साहेबांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. “आता तरी त्याला थांबायला सांगा.”

काका पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. “तो कसा थांबेल? पाळी घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय आम्ही जागा सोडत नाही. त्या दिवशी मला आत जाताच आलं नाही. त्याच्याकडून पाळी कोणी घेतलीच नाही.”

लेखनिकाने साहेबांचा जबाब उतरवून घेतला. अध्यक्षबाईंनी मसुद्याच्या नवव्या पानावर उभी रेघ मारली. सगळे निघाले, पण साहेब तसेच बसून राहिले. जरा वेळ एकटं बसू द्या, म्हणाले. धाकटीने जाताना मागे वळून पाहिलं नाही. जिन्यातूनच तिने वहिनीला फोन केला. दादाच्या माथ्यावरचं खापर उतरलं, एवढं तिला सांगता आलं, आणि मग मात्र दोघी दोन्ही टोकांना रडल्या.

चार वाजत आले तेव्हा ती छापखान्यात आपल्या जागेवर होती. मोबाइल वाजला. साहेबांच्या कचेरीतला माणूस होता.

“साहेब तुमच्याबरोबर आहेत का हो? गाडी खालीच आहे. कोट खुर्चीला लावलेला आहे. कुठे दिसत नाहीत.”

“माझ्याबरोबर कशाला असतील?” तिने फोन ठेवला.

मग तिने फाइल उघडली. चौकटीत खूण केली आणि शेवटच्या पानावर गेली.

बाराच्या नोंदीखाली एक आडवी रेघ होती. ‘पाळी दिली’, त्यापुढे दादाची सही. ‘पाळी घेतली’, त्यापुढे लांब शेपटीची एक उतरती सही. कंपनीकडून आलेल्या प्रत्येक पत्राखाली तिने ती पाहिली होती.

रेघेखालचं अक्षर दादाचं नव्हतं. एक वाजता दाब १८. दोनला १९. तीनला २१. आकडे वेडेवाकडे, घामट हाताने काढल्यासारखे. शेरा एकच. ‘व्हॉल्व्ह अडकला आहे. फोन कोणी उचलत नाही.’

तिला कीव यायला हवी होती. तिने मनात शोधून पाहिली. तिथे फक्त त्या बाजारातल्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आलेली वहिनी होती.

चार वाजले. तिच्या टेबलावरचा छापखान्याचा फोन वाजायला लागला.

तिने हात मांडीवर ठेवले.

पडद्यावर चारची ओळ आली. ‘दाब २३. फोन लागला आहे. पलीकडे कोणीतरी बसलेले आहे. उचलत नाही.’

धाकटीने ती ओळ शेवटपर्यंत वाचली आणि फोन वाजू दिला.