भिंतीवरची बायको

तोंडात चार टाचण्या, दोन्ही हातांवर नायकाचे सहा शर्ट, अशी ती पायानं दार ढकलत आत आली. खिडकीपाशी उभा असलेला एक अनोळखी माणूस म्हणाला, "तिथंच थांबा... हलू नका." तिला काही कळायच्या आत त्यानं फोटो काढलासुद्धा.

तिनं शर्ट खुर्चीवर टाकले, एकेक टाचणी तोंडातून काढली आणि मग विचारलं, "विचारायची पद्धत नाही का तुमच्याकडे?"

"विचारत बसलो असतो तर क्षण गेला असता."

"गेला असता तर जाऊ द्यायचा. माझा होता तो."

तो हसला. ती हसली नाही.

सिनेमा छोटा, माणसं मोजकी, आणि बंद पडलेल्या एका शाळेच्या तीन खोल्यांत त्याची तयारी चाललेली. ती कपडे शिवायची. सगळे तिला टाचणी म्हणत, आणि ते काही फक्त शिवणकामामुळे नव्हे. गोष्टीतल्या नायकाची बायको सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेली. ती दिसणार फक्त घरातल्या फोटोंत. ते फोटो काढायला हा फोटोग्राफर आला होता, पण बायको कुणाला करायचं यावर दिग्दर्शकाचं घोडं अडलं होतं. त्यानं तो टाचण्यांचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "सापडली."

"मी शिवायला आलेय," टाचणी म्हणाली. "मरायला नाही."

पण दिग्दर्शक अगदी काकुळतीला आला, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

दोन दिवसांत सात वर्षांचा संसार उभा करायचा होता. नायक दुसरीकडे अडकलेला, म्हणून सगळे फोटो तिच्या एकटीचे – नवऱ्यानं काढलेले. नव्या घरात शिरताना, गॅलरीत केस वाळवताना, तापातून उठल्यावर, रुसून बसलेली. नवरा कायम कॅमेऱ्यामागे.

"इकडे बघा. नवऱ्याकडे बघतात तसं."

"मला अनुभव नाही."

"मलाही नाही. अंदाजानं करू."

"मी कापडसुद्धा अंदाजानं कापत नाही."

"मग रागावून बघा. ते जमतंय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा सरकवायला तो स्टुलावर चढला आणि धाडकन खाली आला. कॅमेरा छातीशी घट्ट धरलेला, कोपर सोललेलं. "कॅमेरा ठीक आहे," तो जमिनीवरूनच म्हणाला.

"कॅमेऱ्याला कोण विचारतंय?" कात्रीनं पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी कापून ती त्याच्या कोपराला बांधू लागली. बोटं जरा जास्तच हळू चालताहेत हे तिच्या लक्षात आलं, म्हणून तिनं गाठ करकचून मारली. तो "आई गं" म्हणाला, आणि ती हसायला लागली ती थांबेचना. त्यानं दुसऱ्या हातानं फोटो काढला. या खेपेला ती काही बोलली नाही...

घरी तिनं एवढंच सांगितलं की सिनेमात आपले फोटो लागणार आहेत. बायको मेलेली आहे, ते गाळलं. आईनं मावशीला सांगितलं, आणि मावशीनं उरलेल्या जगाला.

पुढच्या आठवड्यात ती मापं घेऊन दिग्दर्शकाकडे गेली, तर टेबलावर फोटो पसरलेले. तीच गॅलरी, तीच खिडकी, तिनं स्वतःच्या मापानं शिवलेला निळा ड्रेस, आणि त्या ड्रेसात निर्मात्याची भाची.

"त्यांचा आग्रह पडला," दिग्दर्शक नजर चुकवत म्हणाला. "तू काय, आपली घरचीच."

"घरची म्हणून बाहेर काढलंत होय?" ती म्हणाली. "काढले कुणी हे?"

कुणी काढले ते तिला ठाऊक होतंच. राग दिग्दर्शकावर यायला हवा होता, पण तो गेला भलतीकडेच. फोटोग्राफर शेवटच्या खोलीत चौकटी पुसत बसला होता.

"माझे फोटो द्या."

"देतो. पण –"

"तिलाही तेच सांगितलंत? नवऱ्याकडे बघतात तसं बघा म्हणून?"

"सांगितलं."

"आणि?"

"छान बघितलं तिनं. तीन तासांत सगळं काम उरकलं." त्यानं फडकं खाली ठेवलं. "तुमच्या वेळी दोन दिवस लावले मी. सगळ्यांना सांगत होतो, लेन्स त्रास देतेय. लेन्सला काहीही झालं नव्हतं..."

तिचे कान तापले. पण राग एवढ्यानं उतरणारा नव्हता. "मग तिचे काढायला ‘नाही’ का म्हणाला नाहीत?"

"म्हणायला हवं होतं. काम जाईल म्हणून घाबरलो."

"हे मला आवडलं नाही."

"मलाही नाही. चला, आत्ता म्हणतो."

आणि तो खरंच गेला. दिग्दर्शकासमोर उभं राहून म्हणाला, भाचीचे फोटो लावायचे तर सिनेमातून माझं नाव काढून टाका. दिग्दर्शक डोकं धरून बसला. निर्मात्यापुढे त्याचंही काही चालणार नव्हतं.

"नाव कशाला काढता?" दारातून टाचणी म्हणाली. "त्या मुलीनं काय घोडं मारलंय? फोटो पुन्हा काढा. ड्रेसचा खांदा बघा तिच्या अंगावर केवढा उतरलाय. माझ्या शिवणीची लाज जाईल."

तिनं भाचीच्या मापानं ड्रेस उसवून पुन्हा शिवला. रागारागानंच, पण टीप एकही वाकडी नाही. त्यानं फोटो पुन्हा काढले, आणि भिंतीवर भाची लागली.

रविवारी सकाळी फोटोग्राफर पाकीट घेऊन तिच्या घरी आला. आईनं चष्मा लावून एकेक फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सिनेमात लागणार होते ना हे?"

"लागले नाहीत. आणि बायको मेलेली होती, आई."

"मेलेली?" आई उसळली. "माझ्या धडधाकट मुलीला मेलेली दाखवायचं? बरं झालं लागले नाहीत ते. मावशीला मी बघते काय सांगायचं." मग मांजरपाटाची पट्टी बांधताना हसत सुटलेल्या मुलीचा फोटो तिच्या हाती आला, आणि ती थांबली. आधी फोटोकडे, मग दारात अवघडून उभ्या असलेल्या माणसाकडे तिनं नीट पाहून घेतलं.

"फोटो ठेवायचे आपल्याकडे?" तिनं मुलीला विचारलं.

"ठेवायचे म्हणजे? माझेच आहेत."

"आणि हे?" आईनं हनुवटीनंच दाराकडे खूण केली.

तो एकदम जमिनीकडे बघू लागला. टाचणीला संताप आला, आईचा, त्याचा, आपल्या लाल झालेल्या गालांचा.

"तेही," ती म्हणाली. "आत या ना. दारात काय उभे राहिलात?"