अंबाक्कांची दुलई

शेंगदाण्याची चटणी नि कडक भाकऱ्या फडक्यात बांधून तानूबाई दुपारच्या गाडीनं धारवाडहून हुबळीला निघाली. लेक पार्वती सूतगिरणीत लागून महिना होत आला होता. तिला डोळे भरून बघायचं, पोटभर जेवू घालायचं, बास.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? अहो, मोठं कसं नाही! तानूबाईची पणजी इनामदारांच्या घरात आली ती सुनेच्या आंदणात. भांडी, दुभती गाय आणि एक बटीक, बापानं जावयाच्या हातावर उदक सोडून दिलेली. बटकीची लेक बटीकच; त्या घराबाहेर पडलेली पार्वतीच पहिली. पुढं सरकारनं कायदा केला म्हणे. पण कायदा काही इनामदारांच्या घरच्या अंबाक्कांचे पाय चेपायला आला नाही. म्हाताऱ्या अक्कांनी दुपारी पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवली... टक, टक... की तानूबाईनं हातातला घास टाकून एरंडेलाची वाटी घेऊन धावायचं.

अक्का गेल्या. मेलेल्याचं अंथरूण राबणाऱ्या बाईला द्यायची रीत, म्हणून त्यांची दुलई तानूबाईला मिळाली. तेरावं झालं, तरी रिकाम्या पलंगावर दुपारी टक, टक. ती मुकाट्यानं जाऊन नुसती गादी चेपायची.

"मला मरेस्तोवर राबवा, अक्का," ती रडून म्हणायची, "पोरीला तेवढं सोडा."

थंडीचे दिवस होते. पार्वती हुबळीला निघाली तेव्हा तानूबाईनं ती ऊबदार दुलई पोरीच्या वळकटीत घातली. त्याच दिवसापासून आवाज बंद! अक्कांनी ऐकलं म्हणून तानूबाईनं मारुतीला नारळ फोडला.

हुबळीत केशवापुरातल्या पार्वतीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. भर दुपारी आत अंधार, आणि एरंडेलाचा वास. पार्वती जमिनीवर बसली होती. पुढ्यात दुलई पसरलेली, आणि तिचे हात दुलईवरून खालीवर चालले होते.

"पारू... कामावर गेली नाहीस गं?"

"कशी जाऊ? बोलावतात ना..." पार्वतीनं मान वर केली नाही. "हळू बोल, अव्वा. आत्ता डोळा लागलाय त्यांचा."

तानूबाईनं दुलई ओढली. ती तसूभर हलेना. आत कुणीतरी जड निजलं होतं.

"अगं देवा... माझ्या हातानंच बांधून दिली गं मी!"

दुलईखालचा एक पाय पार्वतीच्या मांडीवर होता. दुसरा हळूच तानूबाईकडे सरकला.

टक, टक.

खोलीत तर पलंगच नव्हता. तानूबाईच्या हातातलं भाकरीचं गाठोडं गळून पडलं, आणि ती मुकाट्यानं खाली बसली.