पाचवा बल्ब

"पाचही लावणार! लाव पैज!" रिक्षातच अपेक्षानं बाह्या वर सारल्या.

"लावली," सुगत म्हणाला. "हरलीस तर सुट्टीभर माझे बूट पुसायचे."

"आणि तू हरलास तर?"

"मी कशाला हरतोय? मी तर नुसता बघायलोय!"

"ताई, पाचच का?" मधेच नीलमनं तोंड घातलं. "दहा बल्ब का न्हाई लावले?"

दहा वर्षांच्या नीलमला प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नसे. "हिला शाळेत घातलं तवापासून मास्तरांचे केस गळायलेत," असं तिची आई, म्हणजेच अपेक्षाची सत्यशीला आत्या, येईल त्याला कौतुकानं सांगायची. मे महिन्याच्या सुट्टीत आत्या सुगत आणि नीलम ही आपली दोन्ही पोरं घेऊन गंगाखेडहून परभणीला भावाकडं आली होती. आणि पहिल्याच सकाळी अपेक्षानं सगळ्यांना रिक्षात कोंबलं होतं. कुठं नेणार? पप्पांच्या दालनात!

शहराबाहेर, गंगाखेड रस्त्याला 'करून पाहा विज्ञान दालन' होतं. नावाप्रमाणं तिथं प्रत्येक वस्तूला हात लावायची मुभा. अपेक्षाचे पप्पा, सिद्धोधन, तिथं निळा कोट घालून पोरांना प्रयोग दाखवायचे. दालनात वाकडेतिकडे आरसे होते, कप्पीनं स्वतःलाच उचलायची खुर्ची होती. पण सगळ्यांची उडी सायकलवर पडायची. जागेवर उभी केलेली ती सायकल जोरात मारली की वीज तयार व्हायची आणि समोरच्या फळीवरचे बल्ब एकेक करून लागायचे. दोन लागले तरी पोरं नाचायची. चौथीत असताना अपेक्षानं पाचही लावले होते! त्याची पाटी अजून भिंतीवर होती: 'पाचवा बल्ब लावणारी पहिली मुलगी : कु. अपेक्षा, इयत्ता चौथी.' आता ती सातवी पास झाली होती. मधल्या काळात शाळेतली एकही धावण्याची शर्यत तिनं सोडली नव्हती. आपल्या पायांत काहीतरी आहे, हे तिला त्या दिवसापासून माहीत होतं.

पप्पांनी सगळ्यांचं हसून स्वागत केलं. "या, या! बसा एकेक जण. मी आत मीटर बघतो." असं म्हणून ते फळीमागच्या प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडं गेले.

सुगतनं सायकल मारली. दोन बल्ब. नीलमनं मारली. तीन!

"ही काय, माझ्यापेक्षा जास्त?" सुगत चिडला.

मग अपेक्षा बसली. एक... दोन... तीन... मांड्या भरून आल्या. चार! कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, तरी तिनं दात-ओठ खाल्ले आणि पाचवाही भक्कन लागला.

"पाच! पुस आता तुझे बूट तूच..."

वाक्य पुरं व्हायच्या आत पाचही बल्ब विझले. डोक्यावरचा पंखा कुरकुरत थांबला. अपेक्षाचे पाय मात्र अजून गरागरा फिरत होते.

"लाईट गेली वाटतं," आत्या पदरानं वारा घेत म्हणाली. "रोज बाराला जाती ना तुमच्याकडं? आज धा मिनिटं आधीच गेली. चला बाहेर, लिंबाखाली बसू."

सगळे निघाले. नीलम मात्र सायकलपाशी गप्प उभी होती, आणि नीलम गप्प म्हणजे काहीतरी गडबड!

"ताई," ती हळूच म्हणाली, "लाईट गेल्यावर पंखा बंद होतो. पण बल्ब कसे बंद झाले? ते तर तू लावायलीस ना?"

अपेक्षानं फळीवरच्या विझलेल्या बल्बांकडं वळून पाहिलं.

पप्पा आणि आत्या बाहेर बोलत बसले, तेवढ्यात तिघं मागं फिरली. सुगतचे वडील विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचे; तारांची वाट त्याला बरोबर कळायची. चाकामागचं पत्र्याचं झाकण त्यानं बाजूला केलं.

"डायनॅमोच न्हाई इथं!" तो ओरडला. "नुसती चार भोकं हायेत. कोळ्यानं जाळं विणलंय बघ!"

"मग वीज कुठून येती?" नीलम.

बल्बांची तार सतरंजीखालून आडभिंतीमागं गेली होती. तिघं मागं गेली. तिथं एक स्टूल होतं. स्टुलासमोर पाच बटणांचा बोर्ड. आणि प्लायवूडला, बरोबर डोळ्याच्या उंचीवर, बोराएवढं भोक. अपेक्षानं त्याला डोळा लावला. पलीकडं सायकल दिसत होती.

स्टुलाखाली गुलाबी पाण्याची बाटली होती. ती तिचीच, लहानपणीची. ती तिला नकोशी झाल्यापासून पप्पा कामावर न्यायचे.

"मामा इथं बसून..." सुगत बोलता बोलता थांबला.

बोर्डाखालच्या खणात नीलमला एक फाईल सापडली. आत पप्पांच्या हातचे सात अर्ज होते, मा. व्यवस्थापक भगवानराव यांना. 'डायनॅमो दुरुस्तीला नेला तो परत आलेला नाही. आपण सांगितलेली तात्पुरती जोडणी मनाला पटत नाही. मुलांना खोटे दाखवावे लागते.' प्रत्येक अर्जावर भगवानरावांची झोकदार सही आणि एकच शब्द होता: 'पाहिले'.

अपेक्षानं पहिल्या अर्जाच्या तारखेपासूनची वर्षं बोटांवर मोजली. तेव्हा ती दुसरीत होती. पाटीवर 'इयत्ता चौथी' लिहिलं होतं. तिनं पुन्हा मोजलं, तरी हिशेब बदलला नाही.

"बूट पुसू नको," सुगत हळूच म्हणाला. त्याच्या समजूतदारपणाचाच तिला जास्त राग आला.

संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "पप्पा, चौथीत पाचवा बल्ब मीच लावला होता ना?"

"तूच की! दुसरं कोण लावणार?" पप्पा म्हणाले. ताटातून मान काही त्यांनी वर केली नाही.

अपेक्षाला भाकरी गोड लागेना. खोटं बोलणारा माणूस तिनं पुष्कळदा पाहिला होता. पण तो आपल्या घरात, आपल्या ताटासमोर बसलेला नव्हता. "उद्या लवकर जायचंय," पप्पा आत्याला सांगत होते. "संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब नातवाला घेऊन येणारेत. भगवानरावांनी दहाची वेळ ठेवलीय, बाराच्या आत सायकल उरकायची म्हणून."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

अंगणात आजोबांची जुनी सायकल पडलेली होती, मागच्या चाकाला जुनाट डायनॅमो. सुगतनं तो सोडवला, रॉकेलनं धुतला, चाकाला टेकवून फिरवून पाहिला. सायकलच्या पुढच्या दिव्यातला चिमुकला बल्ब लाजत लाजत लागला.

"एवढाच?" नीलम म्हणाली.

"खरा एवढाच असतो," सुगत म्हणाला.

"आपण हे केलं तर मामाला बोलणी बसतील?" नीलमनं विचारलं. सुगत डायनॅमो फडक्यानं पुसत राहिला.

"उद्या खणातली फाईल तू घे, नीलम," अपेक्षा शेवटी म्हणाली. "पप्पांवर आलं तर काढायची."

सकाळी झाडलोट करायच्या निमित्तानं तिघं पप्पांबरोबरच दालनात पोचली. पप्पा हार आणायला गेले तेवढ्यात सुगतनं डायनॅमो सायकलला बसवला, आणि त्याचा बल्ब हँडलवर बांधून सजावटीच्या झेंडूच्या फुलांत दडवला.

दहा वाजले. आत्या आणि आजूबाजूचे लोक येऊन बसले. अकरा वाजले. मोठी माणसं वेळेवर येतील तर ती मोठी कसली! आबासाहेबांची गाडी आली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. भगवानरावांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"साहेब, आधी सायकल बघू!" ते घाईघाईनं म्हणाले.

"आजोबा," नीलम आबासाहेबांच्या पुढ्यात उभी राहिली, "या आरशात तुमी जाड दिसायलात, मग त्या आरशात बारीक का?"

आबासाहेब खूश झाले. "चौकस हाय पोरगी!" मग आरसा झाला, कप्पीची खुर्ची झाली. खुर्चीत आबासाहेब स्वतः बसले. दोरीला लोंबकळणाऱ्या चेंडूवर तर नीलमनं सहा प्रश्न विचारले. भगवानराव घड्याळाकडं बघून ओठ चावत होते. "बाळ, बास आता!" ते दातांवर दात दाबून हसले. "साहेबांना वेळ नाही."

"हाय, हाय," आबासाहेब म्हणाले. "विचार, बेटा."

बाराला दोन मिनिटं कमी असताना नातू योगीराज सायकलवर चढला. पप्पा आडभिंतीमागं गेले. एक बल्ब लागला. दोन. तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बारा वाजले. लाईट जाईना! बारा वाजून तीन मिनिटं झाली. चौथा बल्ब लागला, मग पाचवा. "आख्ख्या जिल्ह्यात दुसरा मुलगा!" भगवानराव ओरडले. अपेक्षाच्या वेळीही ते असंच ओरडले होते.

आणि लाईट गेली! पाचही बल्ब विझले. योगीराज बिचारा अजून जीव तोडून पाय मारत होता.

"थांबू नकोस!" सुगतनं पुढं होऊन डायनॅमोची खिट्टी दाबून तो चाकाला टेकवला. "मार! आणखी जोरात!"

झेंडूच्या फुलांत पिवळा ठिपका थरथरला. अपेक्षानं फुलं बाजूला केली. चिमुकला बल्ब सगळ्यांना दिसला.

"हा लाईट गेल्यावरही लागतो," अपेक्षा म्हणाली. "ते पाच लागत नाहीत. तुमीच सांगा, खरा कोणता?"

"मी लावला!" योगीराज खुशीत किंचाळला. "मी लावला!"

त्यानं खरंच लावला होता. अपेक्षाला त्याचा हेवा वाटला.

आबासाहेबांची नजर भगवानरावांकडं वळली. भगवानरावांनी बोट आडभिंतीकडं केलं. "हे सगळं त्या सिद्धोधनचं काम! मला काय माहीत आत बसून हा..."

"हे काय मग?" नीलमनं फाईल पुढं केली. "ह्या सात सह्या कुणाच्या हायेत?"

पप्पा बाहेर आले. निळ्या कोटाची बटणं चाचपत म्हणाले, "बटणं मीच दाबत होतो, साहेब. पाच वर्षं झाली. अर्ज दिले, पण हातही माझेच होते."

आबासाहेबांनी सगळ्यांदेखत भगवानरावांची अशी खरडपट्टी काढली की त्यांना पळता भुई थोडी झाली. "चार दिवसांत नवा डायनॅमो बसला पायजे!" मग त्यांनी स्वतःचा हार नीलमच्या गळ्यात घातला, सुगतची पाठ थोपटली आणि अपेक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास! अशी डोळस पोरं पायजेत!"

टाळ्या पडल्या. आत्यानं डोळे पुसले. अपेक्षा मात्र आबासाहेबांच्या हाताकडं बघत होती. अर्ज चाळता चाळता तो तळाच्या ओळीवर थांबला: 'प्रत : मा. अध्यक्ष, आबासाहेब यांना माहितीसाठी.' सातही अर्जांवर ती ओळ होती. आबासाहेबांनी कागदांची शांतपणे घडी घातली आणि खिशात ठेवली. मग ते चहाला गेले.

दालन रिकामं झालं. अपेक्षा पाटीखाली उभी होती.

"राहू दे की ती," पप्पा मागून म्हणाले.

"खोटी हाय ती."

पप्पा पाटीजवळ आले. "तुझे पाय थरथरायले होते," ते म्हणाले. "चारवर तू रडकुंडीला आलीस. मला भोकातून बघवलं न्हाई."

"आणि काल जेवताना?"

पप्पांनी आडभिंतीमागचं स्टूल आणलं, वर चढून पाटी काढली आणि भिंतीकडं तोंड करून खाली ठेवली. अपेक्षानं त्यांना माफ केलं नव्हतं. तरी ती सायकलवर चढली.

"मारू का?"

"मार की," पप्पा म्हणाले आणि पाच वर्षांच्या सवयीनं आडभिंतीकडं वळले.

"तिकडं न्हाई, पप्पा! हितं. माझ्यासमोर उभे राहा. हात दिसू द्या."

पप्पा समोर येऊन उभे राहिले. तिनं पायडल मारायला सुरुवात केली. हँडलवरचा बल्ब लागला, थरथरला, मंद झाला. मांड्या भरून आल्या, पाय थरथरायला लागले. पप्पांचे दोन्ही हात तिला दिसत होते. ते जागचे हलले नाहीत, आणि ती थांबली नाही.